पाटीवरचा ‘रस्टिक’
परवा अकोल्याच्या एका हॉटेलात मेनूवर ‘रस्टिक’ हा शब्द दिसला आणि माझं डोकंच फिरलं. काही वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या बहिणीने रीतसर परवाना काढून मळ्यातल्या संत्र्यांची वाईन केली होती, आणि अमरावतीच्या प्रदर्शनात आम्ही दोघी तापलेल्या पत्र्याखाली बाटल्या मांडून बसलो होतो. बाहेरगावच्या एका परीक्षकाने घोट घेतला आणि हसून म्हणाला, ‘‘व्हेरी रस्टिक!’’ ताईला वाटलं, कष्टाचं चीज झालं. तिने लगेच तो शब्द खडूने पाटीवर मोठ्ठा लिहिला. तासाभराने तोच माणूस चहाच्या टेबलाशी कुणाला तरी सांगत होता, ‘‘बाईंनी नापासाचा शेरा पाटीवर मिरवलाय.’’ मी तडक समोर गेले. ‘‘रस्टिक म्हंजे काय हो साहेब?’’ तो चाचरला. ‘‘म्हणजे... जरा ओबडधोबड. गावठी.’’ ‘‘मंग तिले तोंडावर मराठीत काहून नाही सांगितलं? तमाशा पाहून राहिले होते काय तुमी?’’ माझ्या मागे ताई कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. तिचा चेहरा उतरला होता, पण ती शांतपणे म्हणाली, ‘‘भाऊ, बिघडलं कुठं, तेवढं मले सांगा.’’ तो मान खाली घालून म्हणाला, ‘‘रस काढताना बिया चिरडल्यात. त्याने कडवट झालीय.’’ ताईने ते वहीत लिहून घेतलं, आणि पुढच्या हंगामात वाईन खरंच सुरेख उतरली. ती आजही त्या माणसाबद्दल आदराने बोलते. मला नाही जमत. एवढं साधं वाक्य त्याच्याजवळ होतं, आणि त्याने ते तिला मागायला लावलं.