झाकणाला चिकटलेलं

आमचे साडू खुर्चीवर नीट बसलेले मी आजवर पाहिलेले नाहीत. बसतात म्हणजे नुसते टेकतात. चहा येईपर्यंत उठून दाराची बिजागरी हलवून बघतात, नळ पिळून बघतात, आणि चहा आला की उभ्यानंच पितात. एकतीस वर्षं त्यांनी लिफ्ट बसवल्या, दुरुस्त केल्या. खिशात कायम एक पाना असायचा, म्हणून सगळ्या नातेवाइकांत त्यांचं नावच 'पाना' पडलं. मी धाकटा साडू, त्यामुळे तोंडावर 'साडूभाऊ' म्हणतो आणि पाठीमागे पाना. निवृत्त झाल्यावर तर त्यांच्या पायाला भिंगरीच लागली. आमच्या घरातल्या प्रत्येक कपाटाला त्यांनी तेल घातलेलं आहे. दोन कपाटांना त्याची गरज होती.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही दोघंही त्यांना ताई म्हणतो. ताई शांत. नवरा घरभर येरझाऱ्या घालत असताना त्या एका जागी बसून भाजी निवडणार आणि मधूनच म्हणणार, "अहो, फरशी झिजेल." लग्नाला तीस वर्षं झाली, फरशी अजून आहे.

गेल्या वर्षी ताईंना ताप आला आणि तो हटेचना. तपासण्या झाल्या, पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढायलाच हवी, पण आत्ता नाही. तापानं अंग इतकं उतरलं होतं, की काट्यावर उभ्या राहिल्या तर काटा साडेबेचाळीसवर थांबला. "सेहेचाळीसच्या वर वजन गेल्याशिवाय मी हात लावणार नाही," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "पथ्यबिथ्य काही नको. ज्या गोष्टीवर मन जाईल ती खाऊ द्या. पण दोन महिन्यांच्या आत."

बाहेर आल्यावर पाना मला म्हणाले, "लिफ्टच्या पाटीवर माणूस अडुसष्ट किलोचा धरलेला असतो. आठ माणसं म्हणजे आठ गुणिले अडुसष्ट. ही हिशोबातच बसत नाही हो." आणि ते दवाखान्याच्या लिफ्टचं बटण उगाचच चार वेळा दाबत राहिले.

ताईंचं मन कशावरच जात नव्हतं. घरात काही शिजायला लागलं की त्या वासानंच त्यांना मळमळायचं. माझी बायको डबे पाठवायची, ते तसेच परत यायचे. एकाच गोष्टीचं नाव काढलं तर त्या होकारार्थी मान हलवायच्या. कोपऱ्यावरच्या दुकानातले नूडल्स.

त्याला कारण होतं. पाना नोकरीत असताना दर शनिवारी संध्याकाळी घरी येताना ते नूडल्स बांधून आणायचे. पुठ्ठ्याचा चौकोनी डबा, वर झाकण, झाकणावर रबर. ताई दार उघडायच्या आणि ठरलेला प्रश्न विचारायच्या, "गर्दी होती का?" पाना म्हणायचे, "होती. तीन नंबर पुढे होते." झालं, एवढंच बोलणं. मग ताई डबा उघडायच्या आणि आधी चमच्यानं झाकण खरवडायच्या. झाकणाला चिकटलेला कांदा आणि नूडल्सचे तुकडे तोंडात टाकल्यावर मग डब्याकडे वळायच्या. आम्ही कधी शनिवारी तिथे असलो तर मी चेष्टा करायचो, की ताईंना डबा नको, नुसती झाकणं आणा. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत होत होतं. तरी पुढे माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, ही गोष्ट मला अजून बोचते.

पहिला आठवडा पाना रोज डबा आणत राहिले आणि ताई रोज अर्धा का होईना खात राहिल्या. आठव्या दिवशी ताईंनी डबा बाजूला सारला. तपासण्यांत किती गेले, औषधांत किती जातात, हे त्यांना पाठ होतं. "रोज बाहेरचं आणायला आपण कोण लागून गेलो?" त्या म्हणाल्या. "गाठ माझ्या पोटात आहे, भोक खिशाला कशाला?" आणि मग खरंच खाईनात. पानांनी विनवलं, चिडले, शेवटी म्हणाले, "बरं, नाही आणत. मी करतो." तीस वर्षांत या माणसानं गॅस दुरुस्त केला होता, पेटवून त्यावर काही ठेवलं नव्हतं.

त्यांच्या घरात तर फोडणी चालणार नव्हती. म्हणून एका सकाळी हातात कढई घेऊन ते आमच्या दारात उभे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं लोक म्हणतात. इथे साडूच घोडं घेऊन आले होते.

खरं सांगायचं तर मी वैतागलो. आमचं स्वयंपाकघर दोन माणसं उभी राहिली की भरतं. त्यात हे महाशय स्थिर उभेच राहत नाहीत. त्यांनी दुकानातला एक डबा विकत आणला, टेबलावर कागद पसरला आणि तो उघडून एकेक भाग वेगळा काढला. कोबी इकडे, गाजर तिकडे, अंडं, कांद्याची पात, तळलेला कांदा. प्रत्येकाचं वजन. गाजराच्या काड्यांची लांबी मोजून सरासरी काढली. दुसऱ्या दिवसापासून गाजर स्टीलच्या पट्टीवर ठेवून कापायला सुरुवात. सगळ्या काड्या पाच सेंटीमीटर, कमी नाही जास्त नाही. आमची ही दारात उभी राहून बघत होती. मला हळूच म्हणाली, "तुम्हाला कांदासुद्धा सोलता येत नाही. हसू नका."

पहिल्या दिवशी नूडल्सचा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी तळाशी जळले. पाना म्हणाले, तुमच्या शेगडीची ज्योत कमी आहे. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. त्यावर त्यांनी माझ्यासमोर शेगडी उलटी केली, जाळी साफ केली, परत लावली. ज्योत खरोखरच वाढली. तिसऱ्या दिवसापासून वास जमला. शेवटी ते सरळ त्या दुकानात गेले, तिथल्या कढईवाल्याला सगळं सांगितलं. तो भला माणूस. म्हणाला, "काका, लपवण्यासारखं काय आहे यात?" आणि सगळं सांगून टाकलं, सॉस कुठला, मिरी केव्हा, आच किती.

त्या दिवशी जे झालं ते आम्ही दोघांनी दुकानाच्या डब्याशेजारी ठेवून, डोळे मिटून खाल्लं. फरक ओळखू आला नाही. खर्च दुकानाच्या पाव हिश्श्याइतकाही नव्हता. पानांनी स्टीलच्या डब्यात भरलं, आणि तळलेला कांदा वेगळ्या पुडीत घेतला, कुरकुरीत राहावा म्हणून. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं घर, चौथा मजला. धावतपळत पाच मिनिटांत पोचले, ताटलीत गरमागरम वाढलं, वर कांदा पेरला.

ताईंनी दोन घास खाल्ले. "छान झालंय," म्हणाल्या, आणि ताटली सरकवली. "पण ते नाही."

असे अकरा दिवस गेले. अकराही दिवस 'छान झालंय, पण ते नाही.' काटा बेचाळीसवर उतरला. पाना रात्री झोपेनात, दिवसा बसेनात. आमच्या घरी येऊन सॉसची बाटली उजेडात धरून बघत राहायचे. एकदा मी रागावून म्हटलं, "साडूभाऊ, जरा टेका हो, मला बघून घेरी येते." ते म्हणाले, "बसलो की तो काटा दिसतो." मला स्वतःचीच लाज वाटली. त्यानंतर मी त्यांना बसा म्हटलं नाही.

बाराव्या दिवशी आमचा स्टीलचा डबा सापडेना. घाईघाईत हिनं दुकानाचाच एक रिकामा, कोरा पुठ्ठ्याचा डबा काढला, तो कढईवाल्यानं पानांना नमुन्याला दिला होता. नूडल्स त्यात भरले, कांद्याची पुडी करायला कागद मिळेना म्हणून कांदा वरूनच घातला, झाकण लावलं, रबर चढवलं. पाना डबा दोन्ही हातांनी धरून निघाले आणि खिशातून काढून ठेवलेला पाना आमच्या ओट्यावर विसरून गेले. मी तो घेऊन मागोमाग निघालो.

त्यांच्या इमारतीत पोचतो तर लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकलेली, आणि आतून ओळखीचा आवाज.

"कोण आहे? साडू का?"

"मीच. तुमचा पाना घेऊन आलोय."

आतून बटणं दाबल्याचे आवाज आले. मग म्हणाले, "ही लिफ्ट मी बसवलेली आहे."

मी हसलो नाही. म्हणजे मोठ्यानं हसलो नाही. लिफ्टची देखभाल आता दुसऱ्या कंपनीकडे होती, त्यांचा माणूस यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ पाना त्या पेटीत डबा छातीशी धरून उभे होते. चालायला जागा नाही, पिळायला काही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस सलग पंचवीस मिनिटं एका जागी होता. अधूनमधून नुसतं म्हणायचे, "वाफ धरली हो साडू. कांदा मेला. सगळं वाया गेलं."

बाहेर आले तेव्हा डब्याचा पुठ्ठा ओलसर झाला होता. ताईंनी दार उघडलं. पानांनी डबा पुढे केला. ताटलीत वाढायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं. ताईंनी रबर काढलं, झाकण उचललं, चमचा घेतला, आणि झाकण खरवडायला लागल्या.

वाफेनं मऊ पडलेला कांदा, त्याला गुंतलेले दोनचार नूडल्स. ते खाल्ले आणि डब्याकडे वळल्या. एक घास, दुसरा, पाचवा. आम्ही दोघं उंबऱ्यातच उभे. अर्धा डबा संपला आणि त्यांचा हात थांबला. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हे दुकानातलं आहे."

"नाही गं. मी केलंय."

"खोटं बोलू नका. दुकानातलंच आहे. नको म्हटलं होतं ना मी?" आणि डबा दूर लोटला.

पाना घाबरे झाले. मी मध्ये पडलो, म्हटलं, ताई, शपथ घेऊन सांगतो, माझ्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर झालंय. पण माझ्या शपथांची किंमत आमच्या नात्यात सगळ्यांना माहीत आहे. ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, संपलं. जे अकरा दिवस जमलं नाही ते जमलं, आणि नेमकं जमलं म्हणूनच फसलं.

पानांनी डबा उचलला, त्यात बोटं घातली आणि गाजराची एक काडी काढून टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी दुसरी. मग तिसरी, चौथी. सगळ्या सारख्या, पट्टीनं आखल्यासारख्या.

ताई त्या काड्यांकडे बघत राहिल्या. मग कितीतरी आठवड्यांनी हसल्या. "अहो, गाजर मोजून कापलंत?"

"पाच सेंटीमीटर," पाना म्हणाले.

ताईंनी डबा पुढे ओढला आणि आधी त्या चार काड्या खाल्ल्या. मी जिन्यात जाऊन डोळे पुसले. लिफ्टनं जायची इच्छा नव्हती.

त्यानंतर कामाची पद्धत ठरून गेली. दुपारी आमच्याकडे कढई चढायची, पुठ्ठ्याच्या डब्यात भरायचं, कांदा वरून, झाकण, रबर. कढईवाल्यानं डब्यांचा एक गठ्ठाच देऊन टाकला. लिफ्ट आता नीट चालत होती आणि चाळीस सेकंदांत वर पोचवायची. म्हणून वाफ धरेपर्यंत पाना डबा घेऊन इमारतीला फेऱ्या मारायचे, घड्याळ बघून पंचवीस मिनिटं. खालच्या दुकानदारानं मला विचारलं, तुमच्या साडूंचं काही हरवलंय का? मी म्हटलं, सापडलंय.

ताई खिडकीतून त्यांना बघायच्या. हे हिनं मला सांगितलं. फेऱ्या मोजायच्या, आणि शेवटची झाली की उठून दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. बेल वाजली की दार उघडून विचारायच्या, "गर्दी होती का?"

"होती. तीन नंबर पुढे होते."

दोन महिने भरायला चार दिवस असताना काटा सेहेचाळीस आणि वर एक रेघ इतका गेला. डॉक्टरांनी तारीख दिली.

ऑपरेशनच्या दिवशी साडेतीन तास लागले. दवाखान्याच्या त्या बाकावर मी बसलो होतो, ही बसली होती. पाना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होते, येत होते. तिथल्या नर्सबाई दोनदा ओरडल्या. तिसऱ्यांदा ओरडल्या नाहीत, त्यांच्याकडे बघून बाजूला सरकल्या. शेवटी डॉक्टर बाहेर आले, गाठ निघाली म्हणाले, पेशंट ठीक आहे म्हणाले. तासाभरानं आम्हाला आत सोडलं, एकेकाला दोन मिनिटं. आधी पानांना. मी दारात उभा होतो.

ताईंच्या नाकाला नळी, ओठ कोरडे. डोळे अर्धवट उघडले. पाना खाटेजवळ जाऊन उभे राहिले. हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. ताईंचे ओठ हलले. पानांना ऐकू आलं नाही, म्हणून ते वाकले.

"गर्दी होती का?"

शेजारचं स्टूल पानांनी पायानं ओढलं आणि त्यावर बसले, पूर्ण बसले.

"होती," ते म्हणाले. "पण आपला नंबर लागला."