चौथा कोपरा

नागपुरात महाल भागातल्या आमच्या गल्लीत गोधड्या शिवणाऱ्या आम्ही सात-आठ जणी होतो, पण मांडणी करणारी एकच. ती माझी मैत्रीण, भिंतीपलीकडची शेजारीण. दुपारची जेवणं झाली की आम्ही जुनेराचे तुकडे तिच्यापुढे ओतायचो. ती ते ओसरीवर पसरायची, उकिडवी बसून एक डोळा मिटून बघायची, मग कोळशाने जमिनीवर चौकटी आखायची. संत्र्याच्या फोडी, पायऱ्या, देवळाचा कळस, काय काय त्या चिंध्यांतून निघायचं! मला नक्षी कधी सुचली नाही. माझे टाकेही असे की ती म्हणायची, "कोंबडी चालून गेली काय वं इथून?"

गल्लीची एक रीत होती. गोधडी झाली तरी चौथा कोपरा उघडा ठेवायचा. सगळ्या जणी बघायला जमल्या की मांडणी करणारीने त्यात चिमूटभर तांदूळ घालून शेवटचे टाके घालायचे. याला गोधडीचं पोट भरणं म्हणत. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं जुन्या बाया सांगायच्या. तो मान अर्थातच तिचा.

माझ्या नणंदेचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे होणार होतं. बाळाच्या गोधडीसाठी मैत्रिणीने मला मांडणी करून दिली, आणि पंधरा दिवसांत तिचा नवरा तापाने गेला. महिन्याभराने तिने मला बोलावलं आणि आपली चार रंगीत लुगडी माझ्या ओटीत टाकली. "घे वं. मले आता कायले लागते?" मी रडायला हवं होतं. खरं सांगते, माझं लक्ष रेशमी काठांकडे होतं. त्या हावरेपणाची आजही लाज वाटते.

लुगडी ती सवाष्णपणी नेसलेली, म्हणून त्यांचे तुकडे बाळाच्या गोधडीत लावायला सासूबाईंनी हरकत घेतली नाही. पण गोधडी होत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "लेकराची गोधडी आहे. कोपरा तिच्या हातानं नको."

लुगडी चालली, हात चालला नाही. एरवी घरात फटाफट बोलणारी मी, तेव्हा तोंडातून ब्र काढला नाही. चारचौघींत तिला कुणी अडवलं तर काय, या धास्तीने बाया जमायच्या आतच मी तांदूळ घातले आणि कोपरा शिवून टाकला. वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. तिचा अपमान टळला, माझा वाईटपणाही टळला.

ती येणार नाही असं मी धरून चालले होते. ती आली. पांढऱ्या लुगड्याच्या पदराला तांदळाची गाठ बांधून आली आणि भिंतीला लागून उभी राहिली. बाया नक्षीचं कौतुक करत होत्या. थोड्या वेळाने ती खाली बसली आणि एकेक कोपरा चाचपत गेली. चौथ्यापाशी तिचं बोट थांबलं. टाके कुणाचे ते तिला सांगावं लागलं नसेल.

"चांगली झाली," एवढं म्हणून ती उठली आणि घरी गेली.

चार दिवस मला तिच्या दारात जायचा धीर झाला नाही. पाचव्या दिवशी तिला न्यायला कळमेश्वरहून भाऊ आला. ती पुन्हा नागपुरात आली नाही, हे आधीच सांगून टाकते. दमणीला बैल जुंपलेले पाहून मी तशीच धावत गेले. सासूबाईंचं नाव पुढे केलं, बायांचं केलं. शेवटी म्हटलं, "तुले कोणी काही बोललं असतं तं मले पाहवलं नसतं."

तिने ट्रंक भावाच्या हाती दिली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही.

"मले समजत नाही का?" ती म्हणाली. "तू विचारलं असतं, तं मीच नाही म्हटलं असतं वं. पण मले विचाराले तं पाहिजे होतं."