महेबूबचाचांची अर्थिंग नीट होती

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, नांदेडला माहेरी नाही, देवापुढंही नाही. आज सांगते — पण मान खाली घालून सांगेन असं समजू नका. ती माझी सवय नाही.

लातुरात माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरला मीच, आतल्या टेबलालाही मीच. सुरुवातीला लोक दारात थांबून विचारायचे, "सर कुठं गेले?" कसले सर? स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिसतोय की! पुरुषाच्या हातून मशीन बिघडलं तर माल खराब निघाला म्हणतात. बाईच्या हातून बिघडलं तर? — बाईच खराब. हे रडगाणं नाही. होतं तसं सांगते.

त्या दिवसांत मला गिऱ्हाईक दिलं ते महेबूबचाचांनी. साठी ओलांडलेले वायरमन. निम्म्या गल्लीचं वायरिंग त्यांच्या हातचं. जातील तिथं म्हणायचे, "कम्प्युटर त्या पोरीकडं द्या, लई हुशार हाय." बालाजीचा फोटो स्टुडिओ मला असाच मिळाला.

बालाजीला लग्नांचे व्हिडिओ भराभर बनवायला नवं ग्राफिक्स कार्ड टाकायचं होतं. जुना पॉवर सप्लाय — म्हणजे कम्प्युटरच्या आतला, सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा — चालेल का, असं त्यानं विचारलं. मी न बघताच म्हणाले, चालतो. शेजारी त्याचा थोरला भाऊ बसलेला. तो म्हणाला, "एखाद्या जाणत्या माणसाला विचारून घे बाबा." माझ्या तोंडावर! मी म्हणाले, "मी सांगते ना, चालतो."

कार्ड आलं. खोका उघडला. कार्डाला स्वतःची वेगळी वायर लागत होती, आणि जुन्या डब्याला ती वायरच नव्हती. हैदराबादहून मोठा पॉवर सप्लाय मागवायचा, चार दिवस थांबायचं — एवढंच तर होतं. पण मग त्या भावासमोर शब्द मागं घ्यावा लागला असता. मी घेतला नाही. दुसऱ्याच कामाच्या दोन वायरी जोडून भागवलं. मशीन चालू झालं. भावानं चहा मागवला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी दुपारी, व्हिडिओ बनत असताना, तो डबा फाट्‌कन उडाला. सोबत कार्ड गेलं, डिस्क गेली, चाकूरच्या एका लग्नाचं सगळं शूटिंग गेलं. मी पोचले तर स्टुडिओत माणसं जमलेली, जळका वास, आणि तो भाऊ माझ्याकडं बघून राहिलेला. तो अजून काही बोललाही नव्हता — आणि माझं तोंड आपोआप उघडलं. आपोआप? छे. ठरवून बोलले मी.

"अर्थिंग नाही इथं. वायरिंग कुणी केलं?"

चाचांना बोलावलं. ते आले, होल्डरला बल्ब लावला, एक वायर वीज येते त्या फेजला, दुसरी जमिनीत उतरणाऱ्या अर्थिंगला. बल्ब लख्ख पेटला. अर्थिंग नसती तर पेटलाच नसता. सगळ्यांनी बघितलं. तिथं तरी मी थांबायला हवं होतं, नाही का? मी म्हणाले, "चाचा, बल्बाचं वेगळं, कम्प्युटरचं वेगळं. तुमच्या काळची अर्थिंग याला चालत नाही."

धादांत खोटं. पण मी कम्प्युटरवाली, ते वायरमन. कुणाचं पटणार? त्या खोलीतल्या पुरुषांनी पहिल्यांदाच माझं मुकाट ऐकून घेतलं. खरं सांगू? — बरं वाटलं.

चाचा भांडले असते तर मीही भांडले असते, मागं हटले नसते. पण ते भांडलेच नाहीत. त्यांना पटलं! माझ्यावर विश्वास होता ना. स्टुडिओमागं त्यांनी त्या वयात स्वतः कुदळ मारून अर्थिंगसाठी नवा खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला. मग जिथं जिथं वायरिंग केलं होतं तिथं दारोदार जाऊन सांगायला लागले, माझं काम एकदा तपासून घ्या. असं सांगणाऱ्या वायरमनला कोण बोलावतं? वर्षभरात त्यांचं काम बंद पडलं.

माझं दुकान वाढलं. ते मी मेहनतीनं वाढवलं, त्यावर कुणी एक अक्षर बोलू नये. बाई म्हणून मला खोटं बोलावं लागलं, असंही मी म्हणणार नाही. त्या भावाचा राग मी चाचांवर काढला, कारण ते उलटून बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

मागच्या महिन्यात चाचांनी मला घरी बोलावलं. घरात त्यांनी पंखा बसवला होता, स्वतःच्या हातानं. म्हणाले, "बेटी, तू एकदा बघून घे. माझ्या हाताचा मलाच भरवसा न्हाई राहिला." मी स्टुलावर चढले. एकेक जोड बघितला. सगळं चोख होतं. खाली चाची पाण्याचा गिलास घेऊन उभी. एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं.

"बराबर हाय, चाचा," एवढंच म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून दुवा दिली. ती मी घेतली, आणि दुकान उघडायला निघून आले.