पहिला गिअर

गाडीचा गिअर पडत नाही, असं श्रीहरीराव पहिल्यांदा म्हणाले तेव्हा कनकाबाई दारात उभ्या राहून चपला घालत होत्या. मांबलमहून ऑफिसची लोकल धरायची होती आणि डबा पिशवीत बसत नव्हता. "एळुमलैला दाखवूं की," एवढं म्हणून त्या जिना उतरल्या. त्याच वेळी मागं फिरून दोन शब्द बोलल्या असत्या, तर पुढची सगळी यातायात टळली असती.

श्रीहरीराव त्याच जिन्यावरून पडले त्याला वर्ष होऊन गेलं होतं. डाव्या दंडाचं हाड जुळलं. आतली नस मात्र जुळली नाही. हात खांद्यातून उचलला जायचा, कोपरात वाकायचा. पण मनगट लोंबतं राहिलं आणि बोटांत पकड आली नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईनं एकदा कनकाबाईंना फाटकाशी गाठलं. "मॅडम, आता यापुढं फारसं काही येणार नाही. सारांना तुम्हीच हळूहळू सांगा."

कनकाबाईंनी मान हलवली. हळूहळू सांगायला सवड लागते. सकाळी कॉफीचं डिकॉक्शन, कुकर, त्यांची आंघोळ, त्यांच्या शर्टाची बटणं, मग नुंगंबाक्कमचं ऑफिस. येताना भाजी, आणि आल्यावर पुन्हा तीच बटणं. सांगायचं राहून जायचं. खरं म्हणजे राहून जायचं तेच बरं वाटायचं.

श्रीहरीरावांनी सगळं सोडलं, गाडी सोडली नाही. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात ते आयुष्यभर गिअरचे दांडे तपासत आले होते. तिथं मोजणारी यंत्रं होती. पण यंत्रानं शंका काढलेला माल शेवटी त्यांच्यापुढं यायचा. ते दांडा धरायचे, मागंपुढं करायचे आणि 'पास' किंवा 'परत' म्हणायचे. तेही डाव्या हातानं. गाडी चालवणारा माणूस दांडा डाव्या हातानं धरतो, मग उजव्यानं तपासून काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. आता तोच हात मांडीवर उताणा पडलेला असायचा. रोज सकाळी ते खाली जाऊन उजव्या हातानं गाडी पुसायचे, आत बसायचे आणि थोड्या वेळानं वर येऊन म्हणायचे, "पडेना झालाय."

अड्यारला राहणारी मुलगी, रंजनी, फोनवर निम्म्या तमिळमध्ये वैतागायची. "अम्मा, विकून टाक ना ती कार! कोण चालवणार आहे?"

"तुझे अप्पा."

"अय्यो, अम्मा, प्लीज!"

"मग तूंच सांग त्यांना," कनकाबाई म्हणायच्या, आणि रंजनीला लगेच दुसरा फोन यायचा.

एळुमलैचं गॅरेज त्यांच्याच गल्लीच्या टोकाला, पुंगाच्या झाडाखाली होतं. त्यानं गाडी फिरवून आणली. "अम्मा, गिअर चांगला पडतो. जुना आहे म्हणून जरा हलतो, इतकंच."

"बदल."

"काय बदलू?"

"सार म्हणतील तें."

त्यानं आधी दांड्याच्या बुडाचे झिजलेले बुश बदलले. श्रीहरीराव आत बसले, बाहेर आले, म्हणाले, "परत." मग गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या केबल बदलल्या. "परत." शेवटी एळुमलैनं अख्खा दांडाच नवा आणला, खालच्या बैठकीसकट. वर रेक्झिनचं नवं कव्हर, नवी मूठ. दर खेपेला कनकाबाई ऑफिसातून थेट गॅरेजवर जायच्या, खांद्यावरची पिशवी न उतरवता उभ्या राहायच्या आणि जे निघेल त्याला हो म्हणायच्या.

एकदा जेवताना त्या त्यांच्या ताटात सांबारभात कालवून देत होत्या. श्रीहरीरावांनी चमचा हातात धरून ठेवला.

"अगो, पडत नाही हें तुला पटतं ना?"

कनकाबाईंची बोटं भातात थांबली. ते त्यांच्याकडे बघत नव्हते, ताटाकडे बघत होते. विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं होतं. आता उत्तर कनकाबाईंनी द्यायचं होतं. कंबर दुखत होती, मोरीत भांडी पडली होती.

"पटतं की," त्या म्हणाल्या. "जेवा. निवतंय."

नवा दांडा बसला तेव्हा श्रीहरीरावांनी जाहीर केलं, "नवा गिअर म्हणजे नवी गाडी. पिळ्ळैयारपुढं लिंबं चिरडायचीं. आणि गाडी पुढं मीं घेणार."

नव्या गाडीच्या चाकांखाली इथं लिंबं ठेवतात. कापूर ओवाळून झाला की मालकानं पहिला गिअर टाकायचा, लिंबं चिरडत गाडी पुढं काढायची. जुन्या गाडीला कुणी हे करत नाही. कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या देवळातल्या पुजाऱ्यांनी, गुरुक्कळनी, चष्म्यातून पाहिलं.

"सार, गाडी तीच दिसते. नुसता दांडा नवा, तर एकच लिंबू पुरे."

"चार ठेवा, गुरुक्कळ," एळुमलै म्हणाला. तोच गाडी इथवर घेऊन आला होता. "या दांड्यानं माझा जीव लिंबासारखा पिळलाय."

सगळे हसले. श्रीहरीरावही. पांढरा शर्ट घालून ते चाकामागं बसले. कनकाबाई नेहमीच्या जागी, डावीकडं. कापूर झाला. मागं एक नवी स्कूटर हार घालून खोळंबली होती.

"घ्या सार, पुढं घ्या," गुरुक्कळ म्हणाले.

श्रीहरीरावांनी इंजिन चालू केलं, क्लच दाबला. मग उजव्या हातानं डावा हात उचलून मुठीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. बोटं मुठीवरून घसरली. त्यांनी पुन्हा ठेवली. खांद्यानं रेटा दिला. हात पुढं गेला, दांडा जागीच राहिला. कपाळावर घाम आला. मागच्या स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला. एळुमलै काचेशी वाकला आणि आत बघून पुन्हा सरळ झाला.

आता म्हणतील 'परत', कनकाबाईंना वाटलं. आणि आपण पुन्हा हो म्हणू.

श्रीहरीराव कितीतरी वेळ त्या मुठीकडं बघत होते. मग त्यांनी उजवा हात तिथं नेला, दांडा जरासा हलवला, डावीउजवीकडं, आणि सोडला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "काहीं खोट नाही. पास."

कनकाबाईंच्या डोळ्यांत पाणीबिणी आलं नाही. नुसते खांदे खाली आले, पिशवी उतरवल्यासारखे.

"मागं लोक थांबलेत," त्या हलकेच म्हणाल्या.

"क्लच दाबलाय मीं. तुझ्या बाजूला ओढ, आणि पुढं."

कनकाबाईंनी त्यांचा डावा हात उचलून मुठीवर ठेवला, त्यावर आपला उजवा हात दाबला आणि दोन्ही हातांसकट दांडा ओढून पुढं ढकलला. तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. गाडी हलली. चाकांखाली लिंबं फुटली, आंबट वास आत आला. देवळाच्या भिंतीपुढं थोडं अंतर जाऊन श्रीहरीरावांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"दुसरा टाकूं?" कनकाबाईंनी विचारलं.

"नको." श्रीहरीरावांचा डावा हात अजून कनकाबाईंच्या हाताखाली होता; तो त्यांनी काढून घेतला नाही. "एळुमलैला म्हणावं, घरीं नेऊन लाव. आणि रंजनीला फोन कर, गिऱ्हाईक बघ म्हणावं. सांग तिला, गिअर नवा आहे."