ताईची गिरकी

माझे भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, गाणी ऐकून स्वर लिहायचे. बँडमास्तर कॅसेट आणून द्यायचा. भावोजी टेप मागे-पुढे करत, पेटीवर पडताळत, पेन्सिलीने एकेक ओळ कागदावर उतरवायचे. मग त्यावरून सगळा बँड वाजवायचा. गळ्याच्या नावाने बोंब, पण कान असा की पंखा कुठल्या सुरात कुरकुरतोय तेही सांगतील. माझं त्यांच्याशी कधी पटलं नाही, तरी खरं ते खरं.

ताई स्वयंपाकघरातून त्याच गाण्याबरोबर गुणगुणायची. ओळ संपली की आपल्या पदरचे चार स्वर जोडून एक गिरकी घ्यायची. लगेच बाहेरून ओरडा, "अगं, गप्प बस जरा! गाण्यात नाही ते मध्ये घालू नकोस!" ताई हसायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा तेच. जित्याची खोड!

ताई गेली, तेव्हा या माणसाने घरातली एकूण एक कॅसेट ऐकली. तिचा आवाज कुठेतरी सापडेल म्हणून. कसला सापडतोय! जगाची गाणी घरात, बायकोचा एक शब्द नाही. मला असा संताप आला! तरी त्यांचा स्वयंपाक मीच बघायला लागले. करणार काय, ताईचं घर होतं.

पुढे बँडमास्तरच्या मुलीने तीच गाणी कॉम्प्युटरला ऐकवली. त्यातून म्हणे स्वर आपोआप लिहून निघतात. ती कागद घेऊन आली. "काका, या गाण्यात ओळीच्या शेवटी तुमचे स्वर जास्त आहेत. नव्या मुलांसाठी छापायचंय. कुठलं बरोबर?"

"तुझ्या त्या डबड्याला कान आहेत का?" भावोजी भडकले. पण कॅसेट लावली. पुन्हा लावली. ते स्वर गाण्यात नव्हतेच.

मी आत चहा टाकत होते. गाणं कानावर पडत होतं, तर नकळत गुणगुणले. भावोजी दारात येऊन उभे राहिले.

"ही गिरकी कुठून आणलीस?"

"कुठून म्हणजे? ताई असंच म्हणायची की!"

त्यांनी हातातल्या कागदावरच्या त्या जास्तीच्या स्वरांवर बोट ठेवलं. तोंडाने तिला गप्प करत होते आणि हाताने तिलाच लिहून घेत होते, इतकी वर्षं.

"राहू द्या हो तेवढं," मी म्हटलं. "तिचं एवढंच तर उरलंय."

"गाण्यात नाही ते नाही," म्हणाले, आणि खोडरबर घेऊन स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. त्या मुलीसमोर मला रडू आवरलं नाही. धन्य आहे हा माणूस!

परवा खिडकीखालच्या बँडच्या शेडमध्ये नवी मुलं तेच गाणं वाजवत होती, नव्या कागदाप्रमाणे. ओळ संपली, मुलांनी दम घेतला. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून फाटका, बेसूर आवाज आला. भावोजी गात होते. पुढच्या ओळीला पुन्हा.

मी हात पुसत दारात गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जमत नाही गं," म्हणाले. "तिला किती सहज यायचं."