बोर्डाच्या दारावरचा आवाज

लष्करी इस्पितळात मेडिकल बोर्डाच्या दारावर पुकारा करायला एक बुटका माणूस असायचा. आवाज असा, की बाकावरचे म्हातारे ताडकन उभे राहायचे. पुकारून झालं की तोंडात बडीशेप टाकायचा आणि आत जाणाऱ्याचे पाय निरखत राहायचा. काय बघतो हा, मला कळत नसे.

विक्रोळीहून आमच्या तिथे खेपा चालायच्या त्या ह्यांच्या अपंगत्वाच्या पेन्शनसाठी. बर्मात पायाला गोळी लागलेली. आता घरात हे भिंत धरून चालायचे. पण “हवालदार” असा पुकारा झाला, की छाती काढून, बूट आपटत आत जायचे आणि डॉक्टरला सांगायचे, “एकदम ठीक, साब.”

हे बाहेर आल्यावर मी चिडायचे. “अहो, पाय दाखवायला आलोय की परेडला?”

माझं बोलणं दारावरच्या त्या बुटक्या माणसाने ऐकलं असावं. पुढच्या खेपेला तो आमच्याजवळ आला, वाकला आणि हळूच म्हणाला, “चला काका, हात द्या.”

हे गोंधळले. त्याचा हात धरून, पाय ओढत आत गेले. डॉक्टर बघत होते. त्या दिवशी प्रथमच त्यांनी पाय नीट तपासला.

मी त्याला विचारलं, “आज ह्यांना हवालदार नाही म्हणालात?”

“विसरलो, मावशी.” बडीशेप चघळत तो वळला आणि पुढच्याला खणखणीत आवाजात “सुभेदार” म्हणून पुकारलं.

 परतताना विक्रोळीला उतरल्यावर हे एवढंच म्हणाले, “त्यानं मला काका म्हटलं.”