आईची फेरी

थळच्या आमच्या मेकॅनिकची एक खोड आहे. गाडी दुरुस्त झाली की म्हाताऱ्या आईला शेजारी बसवून तो बंदरापर्यंत फेरी मारतो आणि मगच चावी देतो. दिवसभर गाडीत तिच्या केसांतल्या सोनचाफ्याचा वास राहतो.

परवा माझ्या गाडीत ब्रेकचा लाल दिवा मधेच लागायला लागला. खाऱ्या हवेने गंजलेले वायरींचे जोड त्याने साफ केले आणि स्कॅनर लावला. स्क्रीनवर एकही दोष दिसेना, दिवाही विझला. मी चावीसाठी हात पुढे केला.

"आज ऱ्हाऊ दे, सर."

"अहो, मशीन तर ओके म्हणतंय!"

"म्हणतंय खरं," तो हात पुसत पुटपुटला, "पण आज आईला बसवायचा धीर झाला न्हाय."

मी एसटी पकडली.